रानतूर आणि वाट्याची शेळी

१२ नोव्हेंबर २०२४

सदतीस वर्षं लॉगबुक लिहिलं. कुठला पंप बंद, कुठला व्हॉल्व्ह गळतो, कोण पाळीवर, किती वाजता. ऑगस्टअखेर निवृत्त झालो. पंप आणि व्हॉल्व्ह तिकडं तारापूरला राहिले, पण हाताची खाज काही जाईना. म्हणून ही वही. घरचं लॉगबुक समजावं.

आजची नोंद: स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलला. राही दिवसभरात अकरा वाक्यं बोलली. मोजली मी. त्यातली चार जेवायला बोलावण्याची होती.

तिनं कॉलनीत एकतीस वर्षं काढली. जिना उतरला की चार बायका, भजन, भिशी, कुणाच्या ना कुणाच्या घरी डोहाळजेवण. आणि मी तिला आणून बसवलं बोईसरच्या पूर्वेला, मागं डोंगर आणि पुढं पाडा अशा ठिकाणी. घर मोठ्या हौसेनं बांधलं, भोवती तारेचं कंपाउंड केलं, अंगण ठेवलं. शेजार म्हणाल तर पाड्यावरची लाडकी आणि तिची शेळी. राहीला हे मानवलेलं नाही, उघडच आहे. कैलास पुण्याहून रोज फोन करतो. 'बाबा, नव्या फ्लॅटमध्ये एक खोली तुमच्या दोघांची काढलीये. जूनमध्ये स्वराची शाळा सुरू व्हायच्या आत या.' मी म्हणालो, जूनपर्यंत बघू. तुझ्या आईचं मन लागलं तर ठीक, नाहीतर येतो.

माझं मन काय म्हणतं ते इथंच लिहितो, दुसरीकडं सांगायची सोय नाही. मला जायचं नाही. मुखेड सोडल्यापासून माझं म्हणावं असं हे पहिलं अंगण. पण राही कुढत बसणार असेल तर अंगण काय चाटायचंय?

१८ नोव्हेंबर

घरात शेळी आली. मला विचारून नाही.

लाडकीचं घरदार उद्या वीटभट्टीवर निघालं, ते शिमग्याला परत. जाताना दरवर्षी ती शेळ्या भावाकडं टाकते, आणि परत येते तेव्हा त्यातल्या अर्ध्या गायब असतात. यंदा उरली एकच, तांबड्या रंगाची, गाभण. तिला दाव्याला धरून लाडकी सकाळीच दारात उभी.

"बाय, ही ठेव तुज्याकडं वाट्यानं. पिल्लं व्हतील ती अर्धी तुजी, अर्धी माजी."

"आणि एकच झालं तर?" राहीनं विचारलं.

"तं थांबायचं. पुढच्या खेपेला दुसरं व्हईल, मंग वाटणी. तवर पिल्लू दोगींचं. कुनी न्यायचं नाय, कुनी इकायचं नाय."

मी मधे तोंड घालून म्हणालो, बाई, आम्ही जूनमध्ये कदाचित पुण्याला जाणार. तर राहीनं दावं हातात घेतलंसुद्धा. लाडकी मला म्हणाली, "दादा, हिला रानतूर घाल, वेल असतो बघ, डोंगराच्या अंगाला. तो नसला तं झाडपाला घाल. दाणे घालू नको." मला सरळ 'तू' म्हणते ही बाई. सदतीस वर्षांत वरिष्ठसुद्धा मला 'तू' म्हणाले नव्हते. पण राग आला नाही, का कोण जाणे.

शेळीचं नाव तांबडी. ते राहीनं ठेवलं. फार विचार केलेला दिसत नाही.

५ डिसेंबर

मुखेडहून धाकट्या भावानं पोतंभर ज्वारी पाठवली. ह्या वर्षीची, टपोरी. मुठीत घेतली आणि डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. इकडच्या लोकांना ज्वारी म्हणजे काय हे माहीतच नाही, भात एके भात.

तांबडी पोटुशी आहे, तिला पाला घालून काय होणार? आमच्याकडं गाभण जनावराला ज्वारी घालतात. रात्रभर भिजवून ठेवायची, सकाळी घमेलंभर द्यायची. बघतो कशी तुकतुकीत होत नाही ती!

७ डिसेंबर

माझ्यासारखा गाढव मीच.

तांबडी सकाळी उठेना. पोट नगाऱ्यासारखं, दात करकर वाजवतेय, लेंड्यांऐवजी आंबट वासाचं पाणी. बोईसरहून डॉक्टर आल्या. डॉ. दीपिका, वयानं कैलासपेक्षाही लहान असतील. पोटाला हात लावला आणि विचारलं, "धान्य कुणी घातलं?" मी म्हणालो, "ज्वारी. आमच्या गावची." त्या म्हणाल्या, "गाव कुठलं का असेना, शेळीचं पोट त्यासाठी नसतं." खाण्याचा सोडा पाजला, दोन इंजेक्शनं दिली, म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत उठली तर वाचली. पोटातलं पिल्लू राहील की नाही, आत्ता सांगता येत नाही.

राहीनं दिवसभर तांबडीचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याशी चकार शब्द नाही. शेळीशी मात्र बोलत होती. कॉलनीतल्या हंसाबेनच्या सुनेची भानगड, कैलासच्या बारशाला कोण कोण आलं होतं, सगळं. मी खिडकीआडून ऐकत होतो. माझ्या वाट्याला अकरा वाक्यं आणि शेळीला अकराशे. पण चला, बोलली तरी.

पाच वाजता तांबडी उठली, पाणी प्याली. राही हुंदके देऊन रडली. मला म्हणाली, "ती दुसऱ्याची ठेव आहे हो. लाडकी काय सांगून गेली होती? माणूस सांगतं ते ऐकायचंच नाही असं ठरवलंय का तुम्ही?"

ज्वारीचं पोतं कपाटामागं सरकवलं. आता भाकरीला वापरू.

१२ डिसेंबर

रानतुरीच्या शोधात आजचा पाचवा दिवस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्याच्यात जोर असतो, डाळीच्याच घराण्यातला वेल आहे, रानातला भाऊबंद. ओळखायचा कसा? तुरीसारखी तीन पानं, पण बारकी आणि मखमली. पिवळं फूल, चपटी केसाळ शेंग, शेंगेवर आडव्या चिरा. गवतावर नाहीतर झुडपावर चढलेला असतो. गवत सगळं पिवळं पडलं तरी ओढ्याच्या अंगाला हा अजून हिरवा.

पहिले दोन दिवस मी भलताच वेल आणला. तांबडीनं हुंगून तोंड फिरवलं, आणि माझ्याकडं असं बघितलं की मी शरमलो. तिसऱ्या दिवसापासून राही बरोबर येते. माझ्यावर भरवसा उरलेला नाही, दुसरं काय! पदर खोचते, विळा घेते आणि माझ्या पुढं चालते. आज ओढ्याच्या वरच्या अंगाला तिनं हाक मारली, "अहो, इकडं या, केवढा पसरलाय बघा!" मी गेलो. खरंच, अख्ख्या करवंदीच्या जाळीवर चढला होता. राहीच्या केसात कुसळं, कपाळावर घाम, आणि हसायली. लग्नानंतर पहिल्यांदा मुखेडला शेतावर आली होती तेव्हा अशी दिसत होती.

तांबडीनं पहिल्या घासापासून शेवटच्या काडीपर्यंत मान वर केली नाही.

२ जानेवारी २०२५

वेल आता वाळायला लागलाय. दोन-तीन आठवड्यांत डोंगरावर हिरवं काही राहणार नाही. म्हणून मी ठरवलंय, रानतूर अंगणात लावायची. पद्धतशीर. वाफे, दोरी, पाण्याचं वेळापत्रक. राहीचं मन ह्या शेळीत थोडं रमलंय असं वाटतं. वैरणीची सोय घरात झाली तर आणखी रमेल, आणि जूनचा विषय जूनला बघू.

पाटीभर वाळकी शेंग तोडून आणली, गच्चीवर कागदावर पसरली आणि जेवायला खाली आलो. वर टक, टक, टक आवाज. वाटलं, कावळे चोची मारायलेत. जाऊन बघतो तर ऊन लागलं तशी एकेक शेंग पिळा घेऊन फुटतेय आणि बी चौफेर उडतंय! कागदावर टरफलं राहिली. बी म्हणाल तर शेजारच्या रानात, टाकीवर, दोन दाणे माझ्या चष्म्यावर आपटले.

राही खाली उभी राहून पोट धरून हसत होती. माझ्यावर हसली, असू दे.

९ जानेवारी

आता शहाणपण आलं. शेंग पहाटेच्या दवात तोडायची, वरून राहीचं जुनं सुती पातळ झाकायचं. आत सगळी टकटक, पण बी बाहेर जात नाही. बाटलीभर बी जमलं. बारीक, काळसर, खड्यासारखं कडक.

राहीनं अर्धी पाटी शेंग मला न विचारता तांबडीला घातली. मी ओरडलो, बियाण्याची शेंग आहे ती! ती म्हणाली, "तिलाही खाऊ द्या की." वर लेंड्या खताच्या खड्ड्यात टाकायच्या सोडून कंपाउंडच्या तारेखाली ओळीनं पसरत बसते. मी दोनदा सांगितलं, खत एका जागी कुजलं पाहिजे. "राहू द्या," म्हणाली. वाद घातला नाही. नुकतीच बोलायला लागलीय, कशाला डिवचा?

दुपारी कैलासचा फोन आला. राही आतल्या खोलीत दार लावून अर्धा तास त्याच्याशी बोलत होती. पुण्याचंच चाललं असणार. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. बिचारी दिवस मोजतेय.

२१ फेब्रुवारी

दुपारी अडीच वाजता तांबडी व्याली. एकच पिल्लू, पाट म्हणजे मादी, आईसारखीच तांबडी, एक कान पांढरा. आई आणि लेक सुखरूप. माझ्या ज्वारीनं काही घात केला नाही, हे देवाचे उपकार.

मला मात्र राहीसाठी वाईट वाटलं. जुळं झालं असतं तर एक तिचं हक्काचं झालं असतं. एवढी राबली आणि हातात काय, अर्धं पिल्लू! मी तसं बोललो तर ती हसली. अगदी खुशीत हसली. "बरं झालं एकच झालं," म्हणते. मनाला कसं समजावून घेते बाई! तिच्या ह्या स्वभावाचं मला नेहमी कौतुक वाटतं.

संध्याकाळी नातीला, स्वराला, फोनवर पिल्लू दाखवलं. तिनं नाव ठेवलं पॉपकॉर्न. राही म्हणते 'पापकान'.

१ मार्च

तीन वाफे. प्रत्येक चार फूट बाय सहा. दोरीनं ओळी आखल्या, बोटाच्या पेराएवढ्या खोल बिया, काठीला चिठ्ठ्या, सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. काम कसं दिसलं पाहिजे? असं.

१७ मार्च

एकही उगवलं नाही. तीनशे साठ बियांपैकी शून्य.

लाडकी भट्टीवरून परत आली. वाळली आहे, खोकतेय. तांबडीला बघून आधी तिचे दोन्ही कान धरले, मग पॉपकॉर्नला उचलून राहीच्या कडेवर दिलं. "दोगींचं," म्हणाली. दोघी खूप वेळ बोलत बसल्या. राहीनं तिला ज्वारीची भाकरी करून घातली, लाडकीनं ती कौतुकानं खाल्ली आणि म्हणाली, शेळीपेक्षा मला पचते.

माझे वाफे बघून मात्र ती पदर तोंडाला लावून हसली. "दादा, ते असं नाय उगवत. शेळीला खायाला घाल, तीच पेरते." मी म्हणालो, मस्करी पुरे. राही खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

२ एप्रिल

डॉ. दीपिकांना फोन केला. त्या म्हणाल्या, बियाचं कवच टणक असतं, पाणी आत शिरत नाही, वाळूनं हलकं घासून पेरा. वाळू कशाला? मी पॉलिश पेपर घेतला आणि दोन दिवस बसून एकेक बी घासलं. फिटरचा हात आहे, चकाचक केलं आणि पेरलं.

१४ एप्रिल

कुजलं सगळं. जास्त घासलं. राही म्हणाली, "व्हॉल्व्हची सीट घासायची सवय, बियाचं पार पीठ केलंत." खरं आहे. नाद सोडला.

७ मे

राहीची भाषा बिघडायला लागलीय. आमच्याकडचं 'न्हाई' जाऊन 'नाय' आलं. काल मला म्हणाली, "आमी दोगी बाजारला जातोय, तुमी शेळी बघा." दोघी पालघरला गेल्या, येताना एकसारख्या बांगड्या भरून आल्या. लाडकीच्या नातीच्या नामकरणाला राहीला पहिला मान होता म्हणे. कॉलनीच्या आठवणी विसरण्यासाठी ती किती धडपडतेय, बघवत नाही.

२५ मेला कैलास तारीख विचारणार आहे. राहीनंही परवापासून तीनदा विचारलं, "जूनची तारीख ठरली का?" घाई झालीय तिला.

८ जून

निर्णय झाला. आज व्हिडिओ कॉल होता, स्वरा म्हणाली, "आजी, कधी येणार?" राहीनं फोन ठेवला आणि पाठ फिरवून डोळे पुसले. मी बघितलं. नातीची ओढ ती. आणि मी इथं अंगण, वाफे, डोंगर करत तिला आठ महिने अडकवून ठेवलं. स्वतःची लाज वाटली. लगेच कैलासला फोन करून सांगितलं, येतो, बावीस तारखेला टेम्पो पाठव. तो म्हणाला, "बाबा, नक्की? आईला विचारलंत?" मी म्हणालो, अरे, तिच्यासाठीच तर!

राहीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तेवढंच. फार आनंद झाला की माणसाला शब्द सुचत नाहीत.

मला विचाराल तर जेवण गेलं नाही.

१० जून

लाडकीकडं गेलो. म्हणालो, बाई, आम्ही चाललो, पॉपकॉर्न आता पूर्ण तुझी, तांबडीपण घेऊन जा. मला वाटलं खूश होईल. तिनं हातातला कोयता खाली ठेवला.

"मी काय चुकले दादा? बायला वंगाळ बोलले काय?"

"छे, छे! तसं काही नाही."

"मंग वाटा मधीच कसा सोडतास? एकच पिल्लू झालाय, वाटणी कुठं झाली? आमच्यात भांडान झालं तंच वाटा सोडतात. लोकं इचारतील, लाडकीनं काय केलं."

भलतंच करून बसलो. समजावलं, की भांडण नाही, मान आहे, प्रेम आहे, पण राहीला नातीकडं जायचंय. लाडकीनं मधेच तोडलं. "बायनं सांगितलान तुला? आपल्या तोंडानं?"

मी म्हणालो, चौतीस वर्षांचा संसार आहे, मला कळतं. तिनं कोयता उचलला आणि कामाला लागली. निरोपसुद्धा नीट दिला नाही.

१९ जून

आज जे केलं ते लिहायला हात धजत नाही, पण लॉगबुक आहे, लिहिलं पाहिजे.

सामान बांधून झालं. घरात भाडेकरू येणार, म्हणून म्हटलं, आवार स्वच्छ करून द्यावं. पाऊस धरल्यापासून कंपाउंडच्या तारेखाली नुसतं तण माजलं होतं. बोटभराचं, कोवळं, कसलं तरी रोप, ओळीनं इकडून तिकडं. सकाळी सहापासून बसलो आणि नऊपर्यंत तीन बाजू मुळासकट साफ केल्या. ढीग रचला. मोठं काम उरकल्यासारखं वाटलं.

राही चहा घेऊन आली. ढीग बघितला आणि कप तसाच खाली ठेवला.

"हे कुणी उपटलं?"

"मी. भाडेकरूला—"

ती चिखलात बसली. तशीच, धुतल्या लुगड्यानिशी. ढिगातून एकेक रोप काढून मांडीवर ठेवायला लागली. "रानतूर होती ती," म्हणाली.

"कशी असेल? रानतुरीला तीन पानं असतात. ह्याला तर—"

"पहिली दोन साधी येतात. तीन पानं मागून फुटतात. हे बघा, हे बघा फुटलंय." तिनं एक रोप माझ्या नाकासमोर धरलं. टोकाला नखाएवढी तीन पानं, मखमली. "जानेवारीपासून तांबडीला शेंगा घातल्या. लेंड्या पसरल्या, उन्हाळाभर राखल्या. तुमच्या डोळ्यांदेखत. तुम्हाला दिसलं नाही?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्ही जायचं ठरवून मोकळे झालात. मी म्हटलं, आपण गेल्यावर तांबडी ह्या तारेपाशी येईल. मी नसले तरी तिला खायला असेल."

हे बोलून ती रडायला लागली. मोठ्यानं. तिची आई वारली तेव्हाही अशी रडली नव्हती. मी चिखलात उभा राहिलो. मग ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं.

मी एकेक रोप परत लावत बसलो. मुळं तुटलेली, माना टाकलेल्या. डोळ्यांना नीट दिसेना, चष्म्यावर पाऊस होता, आणि पाऊसच होता असंही नाही. लाडकी पाड्यावरून बघत असणार. कधी आली कळलं नाही, शेजारी बसली आणि बोटानं खड्डे करायला लागली. लागवडीत माझ्यापेक्षा चौपट वेगानं हात चालतो तिचा. शेवटची ओळ झाल्यावर म्हणाली, "थोडी मरतील, थोडी जगतील. मातीत अजून बी हाय, ते मागून उठंल. पन दादा, बायला इचार. आजच इचार."

२० जून

विचारलं.

लिहायला सोपं आहे. विचारायला सकाळचे अकरा वाजले. तीन वेळा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन पाणी पिऊन परत आलो. चौथ्यांदा ती म्हणाली, "पोट फुगेल पाणी पिऊन, तांबडीसारखं. काय ते बोला."

"राही, तुला कुठं राहायचंय?"

ती पोळपाटावरून हात न काढता म्हणाली, "आधी तुम्ही सांगा."

"मला? मला इथंच. पहिल्यापासून इथंच. पण तुझ्यासाठी—"

"माझ्यासाठी?" लाटणं हातात घेऊन ती वळली. क्षणभर वाटलं, बसतंय आता. "मी तर म्हणत होते, ह्यांना नातीशिवाय करमत नाही, माझ्या शेळीपायी इथं अडकलेत, तोंड उघडायचं नाही. दिवसभर गप्प, नुसते वाफे उकरत बसायचे. मला वाटलं, जीव लागेना म्हणून उकरतात."

"मी गप्प? गप्प तर तू होतीस! अकरा वाक्यं!"

"कसली अकरा वाक्यं?"

ही वही दाखवावी लागली. उभ्या उभ्या वाचली तिनं, पिठाच्या हातानं पानं उलटत. ज्वारीपाशी हसली, पॉलिश पेपरपाशी हसली. 'बरं झालं एकच झालं' पाशी थांबली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अहो, एकच झालं म्हणजे वाटा बांधलेला राहिला. मला वाटलं, आता तरी तुम्ही वाटा मोडून जाणार नाही. म्हणून हसले मी."

मग कैलासला फोन लावला. टेम्पो रद्द म्हणालो. तो हसायलाच लागला. "बाबा, आईनं मला जानेवारीतच सांगितलं होतं, तिला यायचं नाही. पण बाबा येणार असतील तर मी येईन, आणि त्यांना ह्यातलं काही कळता कामा नये, अशी शपथ घातली होती. मी तरी तुम्हाला दोनदा विचारलं, आईला विचारलंत का म्हणून." सुट्टीत स्वराला घेऊन इकडंच येतो म्हणाला.

राही बाजूलाच उभी होती. मी म्हणालो, "चौतीस वर्षं झाली. एकदा तरी बोलायचं होतंस." ती म्हणाली, "मुखेडहून आणलंत, आले. क्वार्टर बदलली तीनदा, आले. इथं आणलंत, आले. तुम्ही सांगत आलात, मी येत आले. विचारलंत कधी?"

नाही विचारलं. खरंच एकदाही नाही. ह्या वहीत लिहून ठेवतो, म्हणजे पुसता येणार नाही: मी चुकलो. आणि ती माझ्यासोबत इथं राहणार आहे ह्याच्याएवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

दुपारी ती लाडकीकडं सांगायला गेली. पाड्यावरून दोघींचं हसणं इथपर्यंत येत होतं. कशावर हसतायत, ते मी ओळखून आहे.

२२ जून

टेम्पो यायचा होता तो दिवस. खोकी उघडतोय.

आता विचारायची सवय लावून घ्यायची असं ठरवलंय. सकाळी विचारलं, चहा आता करू की थोड्या वेळानं? खोकी आधी स्वयंपाकघराची उघडू की कपड्यांची? पंखा दोनवर की तीनवर? खिडकी उघडी राहू दे? राहीनं सगळ्याची नीट उत्तरं दिली. मग मी विचारलं, देवघर पूर्वीच्याच कोपऱ्यात ठेवू ना, आणि भाजी कसली करायची, आणि माझा निळा शर्ट घालू का?

तर ती तारेपाशी रानतुरीला काटक्यांचा आधार देत होती, तिथूनच ओरडली, "अहो, आता एवढं पण विचारू नका!"

निळाच घातला.